दिसते नीट, तरी पडद्याची तपासणी कशासाठी?

दीर्घकाळ चालणारी औषधे आणि डोळ्यांचा पडदा, म्हणजेच दृष्टिपटल, यांच्या संबंधाविषयी नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे वगळली आहेत. काही पत्रांसोबत तपासणीचे अहवाल पाठवून निदान विचारले होते. डोळा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय तसे सांगणे योग्य नसल्याने ती पत्रे येथे घेतलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ४६ असून मी पैठणी विणते. आमवातासाठी गेली आठ वर्षे मी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध रोज ४०० मिलिग्रॅम घेत आहे. माझे वजन ५२ किलो आहे. सांधे आता पुष्कळ बरे आहेत. नाशिकच्या संधिवाततज्ज्ञांनी डोळ्यांची ओसीटी तपासणी करून यायला सांगितले आहे. मला तर सर्व नीट दिसते, चष्मा लावला की बारीक बुट्टीही स्पष्ट दिसते. नणंदबाई म्हणतात की या गोळीने डोळे जातात, ती बंदच कर. मी काय करावे?
— एक भगिनी, येवला

उत्तर : ताई, सर्वांत आधी एक विनंती करतो, की ही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. आमवातात आणि त्याहूनही अधिक ल्युपस या (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याच्या) आजारात हे औषध रोगाला आवर घालण्याचे मोठे काम करते. ते अचानक थांबवल्यावर आजार उसळला, तर त्यासाठी घ्यावी लागणारी औषधे याहून अधिक त्रासदायक असू शकतात. मात्र आपल्या नणंदबाई जे म्हणतात त्याला आधार नाही, असेही मी म्हणणार नाही. हे औषध काही रुग्णांत पडद्याला इजा करते, आणि ती इजा भरून निघत नाही. म्हणून आपल्या पत्रातील प्रत्येक तपशिलाकडे नीट पाहिले पाहिजे.

याच कुळातील क्लोरोक्विन या जुन्या औषधामुळे दृष्टिपटलाला इजा होते, हे १९५९ पासून वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेले आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन त्याच्या तुलनेत बरेच सुरक्षित आहे, पण त्याचा स्वभाव तोच आहे. पडद्याच्या खाली रंजकद्रव्य असलेल्या पेशींचा एक थर असतो आणि प्रकाश टिपणाऱ्या पेशींचे पोषण या थरावर अवलंबून असते. हे औषध त्या रंजकद्रव्याला चिकटून राहते आणि वर्षानुवर्षे तेथे साठत जाते. कालांतराने प्रकाश टिपणाऱ्या पेशी विरळ होऊ लागतात. मात्र ही झीज पडद्याच्या अगदी मध्यबिंदूवर सुरू होत नाही, तर त्याच्याभोवतीच्या कड्यात सुरू होते. अक्षरे वाचणे आणि बुट्टी विणणे ही कामे आपण मध्यबिंदूने करतो, आणि तो बराच काळ शाबूत राहतो. त्यामुळे भिंतीवरच्या तक्त्यातील शेवटची ओळ वाचता येत असतानाही भोवतालच्या कड्यात इजा असू शकते. मागावरच्या वस्त्रातला एखादा तार तुटला, तर चार पावलांवरून पाहणाऱ्याला ते अखंडच वाटते, पण विणकराच्या डोळ्याला तो तार लगेच सापडतो. ओसीटीचे काम त्या विणकरासारखे आहे.

ओसीटीमध्ये डोळ्यात अवरक्ताजवळचा सौम्य प्रकाश सोडून, परत येणाऱ्या प्रकाशाच्या आधारे पडद्याचा उभा छेद चित्रित केला जातो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील संशोधकांनी १९९१ मध्ये हे तंत्र प्रथम मांडले. आजची यंत्रे एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही सूक्ष्म फरक दाखवतात आणि पडद्याचे थर वेगवेगळे मोजता येतात. सुई नाही, क्ष-किरण नाहीत, वेदना नाहीत; हनुवटी टेकवून काही क्षण समोरच्या खुणेकडे पाहत राहायचे असते. पडद्याचा नुसता रंगीत फोटो किंवा शिबिरात बॅटरीने केलेली पाहणी या कामासाठी पुरेशी नसते, कारण त्यांत दिसण्याइतकी इजा झाली म्हणजे उशीर झालेला असतो.

आता आपल्या मात्रेकडे वळतो. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार या औषधाची रोजची मात्रा रुग्णाच्या प्रत्यक्ष वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅमपर्यंत असावी. ५२ किलोंना हा हिशेब २६० मिलिग्रॅम येतो. आपण ४०० घेत आहात, म्हणजे दर किलोमागे जवळजवळ ७.७ मिलिग्रॅम. यात कोणाचा निष्काळजीपणा होता असे समजू नका. पूर्वी उंचीवरून ठरणारे आदर्श वजन धरून किलोमागे ६.५ मिलिग्रॅमपर्यंत मात्रा चालते असे मानले जाई आणि ४०० मिलिग्रॅम ही सरसकट मात्रा झाली होती. त्या जुन्या हिशेबात सडपातळ बांध्याच्या स्त्रियांना प्रमाणाबाहेर औषध जात होते, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवून दिले. आपल्याकडच्या अनेक भगिनींचे वजन ४५ ते ५५ किलोंच्या आसपास असते, म्हणून मला हा मुद्दा विशेष कळकळीने सांगावासा वाटतो.

मात्रेचा फरक किती पडतो, हे २०२३ मध्ये 'अॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासातून स्पष्ट होते. कॅलिफोर्नियातील एका आरोग्यसंस्थेत पाच वर्षांहून अधिक काळ हे औषध घेणाऱ्या ३,३२५ रुग्णांच्या एकामागून एक काढलेल्या ओसीटी चित्रांचा त्यात अभ्यास झाला. पंधरा वर्षांच्या वापराअखेर पडद्याला इजा होण्याचे प्रमाण किलोमागे ५ मिलिग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांत २.७ टक्के, ५ ते ६ घेणाऱ्यांत ११.४ टक्के आणि ६ हून अधिक घेणाऱ्यांत २१.६ टक्के आढळले. एकूण ८१ जणांना इजा झाली, पण त्यांपैकी ५६ जणांत ती सौम्य होती. नियमित चित्रण होत होते, म्हणूनच ती त्या अवस्थेत सापडू शकली. औषध तेच, आजार तोच, आणि मात्रेतील एवढ्या फरकाने धोका आठपट. म्हणून 'या गोळीने डोळे जातात' किंवा 'या गोळीने काही होत नाही' ही दोन्ही वाक्ये मला सारखीच अपुरी वाटतात.

आपण पाच वर्षांचा टप्पा ओलांडलेला आहे, आणि त्यानंतर दरवर्षी तपासणी करावी असे मार्गदर्शक सूचना सांगतात. ओसीटीसोबत संगणकीय फील्ड टेस्टही, म्हणजे नजरेचे क्षेत्र मोजणारी चाचणी, करून घ्या. ती करताना एक गोष्ट तंत्रज्ञांच्या कानावर घाला. आशियाई वंशाच्या बऱ्याच रुग्णांत इजेचे कडे मध्यबिंदूपासून नेहमीपेक्षा दूर असते. म्हणून केवळ मधल्या १० अंशांची तपासणी न करता २४ किंवा ३० अंशांची करावी, आणि ओसीटीचे छेदही रुंद घ्यावेत. पडदातज्ज्ञांना हे ठाऊक असते, पण चिठ्ठीवर 'हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, आठ वर्षे, ४०० मिलिग्रॅम, वजन ५२' एवढे लिहून आणलेत तर योग्य तपासणी निवडणे सोपे जाते. रक्तातील क्रिएटिनिनचा अहवालही सोबत न्या, कारण हे औषध बाहेर टाकण्यात मूत्रपिंडांचा मोठा वाटा असतो आणि ती मंदावली की तीच मात्रा जड होते. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेतले जात असेल तरही धोका वाढतो.

पडदा निर्दोष निघाला, तरी मात्रा कमी करण्याविषयी संधिवाततज्ज्ञांशी अवश्य बोला. सांधे बरे आहेत, त्यामुळे ते बहुधा शक्य होईल. पडद्यावर सुरुवातीची इजा दिसली, तर औषध बदलायचे की नाही हे संधिवाततज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ यांनी मिळून ठरवायचे असते. रंजकद्रव्याच्या थराला धक्का लागण्यापूर्वी औषध थांबले, तर दृष्टी सहसा टिकते. इजा पुढे गेलेली असेल, तर औषध थांबवल्यानंतरही ती काही काळ वाढत राहते. आपण येवल्याहून नाशिकला येण्याचा एक दिवस यासाठी जरूर काढावा.

प्रश्न : मला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. दोन गोळ्यांनी साखर आटोक्यात येईना म्हणून डॉक्टरांनी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन जोडले. औषधाच्या दुकानात मला सांगण्यात आले की ही संधिवाताची गोळी आहे. चूक झाली आहे का? माझे क्रिएटिनिनही थोडे वाढलेले आहे.
— एक निवृत्त कामगार, सातपूर

उत्तर : चूक झालेली नाही. इतर देशांत हे औषध मधुमेहासाठी सहसा दिले जात नाही. भारतात मात्र २०१४ मध्ये औषध नियंत्रकांनी टाइप २ मधुमेहात, इतर गोळ्यांनी साखर पुरेशी आटोक्यात येत नसल्यास जोडऔषध म्हणून त्याला मान्यता दिलेली आहे. त्यामुळे आपल्याकडे असे रुग्ण पुष्कळ आहेत, आणि पडद्याच्या दृष्टीने त्यांच्याकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. संधिवाताच्या रुग्णाला डोळे तपासायला सांगण्याची पद्धत आता रुळली आहे, पण मधुमेहाच्या रुग्णाला हेच औषध मिळाले की ती आठवण राहतेच असे नाही.

आपल्या बाबतीत दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. मधुमेह स्वतःच पडद्यावर सूज आणि रक्तस्राव घडवू शकतो, आणि तसे बदल आधीपासून असतील तर औषधाने झालेली इजा त्यांतून वेगळी ओळखणे कठीण जाते. म्हणून औषधाच्या पहिल्या वर्षातच पडद्याचे मूळ चित्र घेऊन ठेवणे आपल्यासाठी इतरांहून अधिक गरजेचे आहे. दुसरी गोष्ट क्रिएटिनिनची. मूत्रपिंडांचे कार्य कमी असल्यास पाच वर्षे थांबून चालत नाही, वार्षिक तपासणी आधीच सुरू करावी लागते, आणि वजनाचा हिशेब पाळूनही मात्रा आणखी कमी करावी लागू शकते. साखरेसाठी आज इतर पर्याय उपलब्ध आहेत. हेच औषध पुढे चालवण्याची गरज आहे का, हा प्रश्न आपण आपल्या डॉक्टरांना निःसंकोच विचारू शकता. असे विचारण्यात त्यांचा अवमान होत नाही.

प्रश्न : माझ्या चोवीस वर्षांच्या मुलाला क्षयरोगाचे उपचार सुरू होऊन तीन महिने झाले आहेत. तो म्हणतो की हल्ली मोबाइलवरचा लाल रंग फिका वाटतो आणि वाचताना अक्षरे धूसर होतात. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासला, तो बदललेला नाही. औषधांची उष्णता झाली असेल का? कोर्स संपेपर्यंत थांबावे का?
— एक आई, मालेगाव

उत्तर : थांबू नका. हे उत्तर छापून येईपर्यंत वेळ जाऊ नये म्हणून आपल्याला पत्राने आधीच कळवले आहे. तरी इतर वाचकांसाठी येथे लिहितो.

क्षयाच्या औषधांपैकी एथॅम्ब्युटॉल हे औषध डोळ्यांच्या मज्जातंतूला, म्हणजे पडद्यावरील संदेश मेंदूकडे नेणाऱ्या तंतूंच्या जुडग्याला, इजा करू शकते. ही इजा बहुतेकदा उपचार सुरू झाल्यावर दोन महिन्यांनंतर दिसू लागते. ती दोन्ही डोळ्यांत येते, दुखत नाही, आणि लाल-हिरव्या रंगांची ओळख मंदावणे हे तिचे सुरुवातीचे लक्षण असते. आपल्या मुलाचे वर्णन याच्याशी जुळते. किलोमागे १५ मिलिग्रॅमच्या आसपास मात्रा असताना ही इजा शंभरात एकापेक्षाही कमी रुग्णांत होते, पण मात्रा वाढली किंवा मूत्रपिंडे अशक्त असली की प्रमाण झपाट्याने वाढते. आपल्याकडच्या राष्ट्रीय कार्यक्रमात एथॅम्ब्युटॉल पहिल्या दोन महिन्यांनंतरही चालू राहते, त्यामुळे पूर्ण सहा महिने नजरेवर लक्ष ठेवणे आवश्यक ठरते.

असे लक्षण जाणवले की त्याच दिवशी क्षय केंद्रात जाऊन डॉक्टरांना ते सांगावे, आणि नेत्रतज्ज्ञांकडून नजर, रंगांची ओळख, फील्ड टेस्ट आणि मज्जातंतूच्या थराची ओसीटी करून घ्यावी. एथॅम्ब्युटॉल थांबवण्याचा निर्णय बहुधा तातडीने घेतला जाईल. पण कृपा करून सर्व गोळ्या घरच्या घरी बंद करू नका. क्षयाचा उपचार अर्धवट सुटला तर जंतू औषधांना दाद देईनासे होतात, आणि मग जी औषधे द्यावी लागतात त्यांपैकी लिनेझोलिड हे दीर्घकाळ घेतल्यास पुन्हा याच मज्जातंतूला त्रास देऊ शकते. एथॅम्ब्युटॉल वेळीच थांबले तर अनेक रुग्णांची नजर पुढील काही महिन्यांत सुधारते. उशीर झाल्यास दोष कायम राहू शकतो. चष्म्याच्या दुकानातील नंबर तपासणीत हा दोष पकडला जात नाही, आणि 'उष्णता' म्हणून थंड पदार्थ देत बसण्यात मोलाचे आठवडे जातात.

प्रश्न : पडद्याच्या अँजिओग्राफीसाठी हातातून रंग टोचणार आहेत. मला आयोडिनची अॅलर्जी आहे. हा रंग सुरक्षित आहे का?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : या तपासणीत सहसा वापरला जाणारा रंग फ्लुरोसिन असून त्यात आयोडिन नसते. इंडोसायनिन ग्रीन या दुसऱ्या रंगात मात्र ते असते, म्हणून कोणता रंग वापरणार हे विचारून घ्या आणि अॅलर्जीची माहिती आधीच द्या. फ्लुरोसिननंतर त्वचा काही तास पिवळसर दिसते आणि लघवीचा रंग दिवसभर गडद होतो, त्याची काळजी नको. काहींना मळमळते. तीव्र अॅलर्जी क्वचित होते, म्हणूनच ही तपासणी तातडीच्या उपचारांची सोय असलेल्या ठिकाणी करतात. बऱ्याच रुग्णांत आता रंग न टोचता ओसीटीद्वारेच रक्तवाहिन्यांचे चित्र घेता येते. आपल्याला ते पुरेसे होईल का, एवढे डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : माझ्या वडिलांना कर्करोग आहे. एका रुग्णालयात त्यांना नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारले आहे. संमतीपत्रात लिहिले आहे की दर काही आठवड्यांनी पडद्याचे फोटो आणि ओसीटी करावी लागेल. कर्करोगाच्या औषधाचा डोळ्यांशी काय संबंध? आम्ही शेतकरी माणसे आहोत, आमच्यावर प्रयोग होत आहे का, अशी धास्ती वाटते.
— एक वाचक, दिंडोरी तालुका

उत्तर : आपली धास्ती स्वाभाविक आहे, आणि तिला सविस्तर उत्तर मिळण्याचा आपल्याला हक्क आहे. मला विचाराल तर डोळ्यांची तपासणी संमतीपत्रात लिहिलेली असणे हे काळजीचे नसून काळजी घेतली जात असल्याचे चिन्ह आहे.

कर्करोगाच्या काही नव्या औषधांमुळे, उदाहरणार्थ ट्रॅमेटिनिबसारख्या औषधांमुळे, पडद्याखाली पाणी साचते. ते बहुतेकदा सौम्य असते आणि आपोआप किंवा मात्रा कमी केल्यावर ओसरते. पण ते ओसरते आहे, हे ओसीटीशिवाय खात्रीने सांगता येत नाही. म्हणून अशा चाचण्यांत औषध सुरू करण्यापूर्वी एक चित्र घेतात आणि नंतरची चित्रे त्याच्याशी ताडून पाहतात. अनेकदा ही चित्रे दूरच्या केंद्रातील तज्ज्ञांकडे पाठवली जातात आणि रुग्णाला कोणते औषध मिळाले हे त्यांना सांगितलेले नसते, जेणेकरून पाहणाऱ्याच्या मनातील अपेक्षा निष्कर्षात उतरू नये.

हे सर्व इतक्या बारकाईने का करावे लागते, याची उत्तरे औषधांच्या इतिहासात आहेत. अपस्मारावरील व्हिगाबॅट्रिन हे औषध ब्रिटनमध्ये १९८९ पासून वापरात होते. त्यामुळे दृष्टीचे क्षेत्र कडेकडून आकसते, याची पहिली नोंद १९९७ मध्ये झाली. मूत्राशयाच्या वेदनेवरील पेंटोसान पॉलिसल्फेटला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली, आणि ते वर्षानुवर्षे घेणाऱ्या सहा रुग्णांच्या पडद्यावर एक विशिष्ट प्रकारची इजा आहे, असे अटलांटा येथील एमोरी विद्यापीठातील नेत्रतज्ज्ञांनी २०१८ मध्ये मांडले. मधली बावीस वर्षे तशी इजा दिसलेल्या रुग्णांना बहुधा वयोमानाने येणारा दोष असेच सांगितले गेले असावे, असे मला वाटते, आणि या विचाराने मन अस्वस्थ होते. चाचणीतच सर्व दुष्परिणाम कळतील, अशी अपेक्षा धरता येत नाही. तीनशे रुग्णांत एखादा दुष्परिणाम एकदाही दिसला नाही, तरी प्रत्यक्षात तो शंभरात एकाला होत असण्याची शक्यता गणिताने नाकारता येत नाही. वर्षांनी साठत जाणारी इजा तर काही महिन्यांच्या चाचणीत दिसणारच नाही. म्हणूनच चाचणीच्या काळात पडद्याचे चित्रण जितके नेमके होईल, तितका पुढच्या हजारो रुग्णांचा प्रवास सुरक्षित होतो.

आता आपल्या हक्कांविषयी. भारतात २०१९ चे नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियम लागू आहेत. त्यांनुसार चाचणीची माहिती वडिलांना समजेल अशा भाषेत, म्हणजे मराठीत, मिळाली पाहिजे आणि प्रश्न विचारायला पुरेसा वेळ मिळाला पाहिजे. कोणत्याही टप्प्यावर, कारण न देता, ते बाहेर पडू शकतात, आणि तसे केल्याने त्यांच्या नेहमीच्या उपचारात खंड पडता कामा नये. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचारांची आणि भरपाईची तरतूद आहे. प्रत्येक चाचणीला नीतिसमितीची मंजुरी लागते. या समितीत किमान सात सदस्य असतात आणि त्यांत वैद्यकक्षेत्राबाहेरची सामान्य व्यक्ती आणि कायद्याची जाणकार व्यक्तीही असावी लागते. जून २००९ पासून चाचणीची सीटीआरआय या सार्वजनिक नोंदवहीत नोंदणी बंधनकारक आहे. तो नोंदणी क्रमांक मागून घ्या. शिकलेल्या मुलाला किंवा भाचीला तो संकेतस्थळावर पडताळून पाहायला सांगा. आणखी तीन गोष्टी विचारा : डोळ्यांत बदल दिसला तर औषध कोण थांबवणार, तपासणीसाठी दिंडोरीहून येण्याजाण्याचा खर्च कोण देणार, आणि चाचणी संपल्यावर वडिलांच्या चित्रांच्या प्रती आपल्याला मिळणार का. या प्रश्नांना सरळ उत्तरे मिळत नसतील, तर सही करण्याची घाई करू नका.

प्रश्न : वजन आणि साखर दोन्हींसाठी आठवड्याचे सेमाग्लुटाइड इंजेक्शन घ्यायचे ठरवले आहे. त्याने अंधत्व येते, असा संदेश कॉलनीच्या ग्रुपवर फिरत आहे. खरे काय?
— एक भगिनी, गंगापूर रोड

उत्तर : संदेशामागे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या मिसळल्या गेल्या आहेत. पहिली अशी, की २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३,२९७ मधुमेही रुग्णांच्या चाचणीत मधुमेही पडदाविकाराची गुंतागुंत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांत ३ टक्के, तर इतरांत १.८ टक्के आढळली. ज्यांच्या पडद्यावर आधीच विकार होता अशांत ती मुख्यतः दिसली, आणि फार काळ वाढलेली साखर झपाट्याने खाली येणे हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते. इन्शुलिननेही साखर वेगाने उतरवल्यावर सुरुवातीला असाच अनुभव येतो, हे पूर्वीपासून ठाऊक आहे. दुसरी गोष्ट डोळ्याच्या मज्जातंतूचा रक्तपुरवठा अचानक कमी होण्याची. युरोपीय औषध संस्थेने जून २०२५ मध्ये हा सेमाग्लुटाइडचा अतिशय क्वचित होणारा दुष्परिणाम म्हणून मान्य केला आणि त्याचे प्रमाण दहा हजारांत एकापर्यंत असल्याचे सांगितले.

आपल्याला मधुमेह असल्यामुळे इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी पडद्याची तपासणी करून घ्या. पडद्यावर गंभीर विकार असेल तर आधी त्याचे उपचार, लागल्यास लेसर, आणि मग इंजेक्शनची मात्रा हळूहळू वाढवणे, हा क्रम मला योग्य वाटतो. पडदा निर्दोष असेल तर भीतीपोटी औषध नाकारण्याचे कारण नाही. एका डोळ्याची नजर झोपेतून उठल्यावर अचानक धूसर वाटली, तर मात्र वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवा आणि पुढचे इंजेक्शन घेऊ नका.

प्रश्न : आम्ही नाशिकहून पुण्याला स्थायिक होत आहोत. पत्नीची ल्युपससाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची तपासणी येथे दरवर्षी होते. जुने अहवाल नेऊन उपयोग होईल का? आणि एखाद्या औषधाने डोळ्यांना त्रास झाला तर रुग्ण स्वतः कोठे कळवू शकतो?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : जुने अहवाल अवश्य न्या, आणि केवळ छापील पानावर समाधान मानू नका. पानावर यंत्राने निवडलेली दोनतीन चित्रे असतात. सूक्ष्म बदल ताडून पाहण्यासाठी सर्व छेदांची मूळ प्रत लागते. ती सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्या, ती देण्यास सहसा कोणी नकार देत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे पडद्याची जाडी थोड्या वेगळ्या सीमारेषा धरून मोजतात, त्यामुळे येथील आकडा आणि पुण्यातील आकडा यांत फरक आला म्हणून लगेच घाबरू नका. शक्य झाल्यास पुण्यात त्याच प्रकारचे यंत्र असलेले केंद्र निवडा. ते न जमल्यास पहिल्या भेटीतील तपासणी नवे मूळ चित्र म्हणून जपा. फाइलच्या पहिल्या पानावर औषध सुरू झाल्याची तारीख, मात्रा जेव्हा जेव्हा बदलली त्या तारखा आणि दरवर्षीचे वजन लिहून ठेवलेत, तर नव्या डॉक्टरांचे निम्मे काम होईल.

दुष्परिणाम कळवण्यासाठी भारतात २०१० पासून औषधदक्षता कार्यक्रम सुरू आहे आणि त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. डॉक्टरांप्रमाणेच रुग्णही तेथे कळवू शकतो. १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक त्यासाठीच आहे. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांतही अशी नोंद घेणारी केंद्रे आहेत. त्रास औषधामुळेच झाला याची खात्री असण्याची गरज नाही, संशय पुरेसा आहे. कळवताना औषधाचे नाव, पट्टीवरील बॅच क्रमांक, मात्रा, सुरू केल्याची तारीख, त्रास सुरू झाल्याची तारीख आणि सोबत चालू असलेली इतर औषधे सांगा, आणि डोळ्यांचा त्रास असेल तर ओसीटी केव्हा झाली व ती कोठे उपलब्ध आहे, हेही नोंदवायला सांगा.